सोडापावमीमांसा

अनुबंध

रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. धान्यांपासून दह्यादुधापर्यंत पुष्कळ खाद्यपदार्थांच्या गुणदोषांची चर्चा त्यात आहे. सोडापाव मात्र नाही. त्या काळी सोडापाव जगात कुठेच नव्हता, हे पंडितांच्या बाजूने सांगता येईल. पण शास्त्रात सबब चालत नाही. उणीव ती उणीवच. ती भरून काढण्याचे काम हडपसरच्या सासाणेनगरातून, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून, प्रस्तुत भाष्यकार अंगावर घेत आहे.

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी.

विषय सरळ आहे. पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक या चार द्रव्यांचा, यीस्टशिवाय फुगणारा, आयर्लंडच्या शेतकऱ्यांच्या घरातला पाव.

प्रयोजनही सरळ आहे. फ्रिजमधले ताक आंबट झाले की त्याचे काय करायचे? कढीने हा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक घरात कढीला नाक मुरडणारा एक तरी महाभाग असतोच. शास्त्राला त्याचीही सोय पाहावी लागते.

संबंधाविषयी थोडे विस्ताराने. आयर्लंडशी पुण्याचे देणेघेणे काय, अशी शंका हडपसर गाडीतळावरच्या कोणालाही येईल. देणेघेणे आहे. होमरूलची मागणी मुळात आयरिश. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा नाव आणि कल्पना दोन्ही तिकडून आली. पाव मात्र तिकडेच राहिला. राजकारणाच्या धामधुमीत न्याहारीकडे दुर्लक्ष होते, याचा हा ठळक दाखला. पुढे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉ. अशोक वराडकरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. म्हणजे आपण त्यांच्याकडून होमरूल घेतला आणि शंभर वर्षांनी रूल करायला माणूस दिला. हिशेब चुकता झाला. बाकी राहिला तो पाव.

चौथा मुद्दा अधिकाऱ्याचा, म्हणजे हे शास्त्र शिकायला पात्र कोण याचा. त्याचा निर्णय पुढे मर्दनाधिकरणात होईल. तोवर एवढेच सुचवून ठेवतो की घरातल्या सुगरणींनी फार आशेने वाचू नये.

पीठाधिकरण

संशय असा: पीठ कोणते घ्यावे?

आयर्लंडची हवा थंड आणि ओली. तिथला गहू मऊ, प्रथिने बेताची. असल्या पिठाला यीस्टचा फुगवटा फार वेळ धरून ठेवता येत नाही. १८३०च्या दशकापासून खाण्याचा सोडा तिथल्या घरांत पोचू लागला आणि या दुबळ्या गव्हाला चांगले दिवस आले. सोडा झटपट फुगवतो आणि मोकळा होतो. पिठाने ताण सोसावा अशी त्याची अपेक्षाच नसते.

पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडून मग खोडायचा पक्ष, म्हणतो: घरात पोळ्यांची कणीक आहे, तीच घ्या. पुण्यात ती बहुधा लोकवनची, म्हणजे गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेल्या लोक-१ वाणाची. गहू उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोळीसाठी तो इतका बारीक दळलेला असतो की एकट्या कणकेचा सोडापाव चांगलाच घट्ट उतरतो.

सिद्धान्त: निम्मा मैदा, निम्मे जाडसर दळलेले गव्हाचे पीठ. जाडसर पीठ गिरणीतूनच आणावे लागते आणि तिथे शास्त्राला पहिला अडथळा येतो.

“गहू आहेत. जाडसर दळा.”

“लाडवाला का?”

“नाही, पावाला.”

गिरणीवाल्याने पट्टा चालूच ठेवला, डबा मात्र बाजूला सरकवला. “पाव समोर बेकरीत मिळतोय की, साहेब.”

येथे लोकव्यवहार प्रमाण मानून ‘लाडवालाच’ असे उत्तर द्यावे. लाडवाला म्हटले की गिरणीवाला अचूक जाडी काढून देतो; पावाला म्हटले की सल्ला देतो. खपली गहू परवडत असेल तर तोही चालतो, कारण त्याचा चिकटपणा मुळातच कमी. मात्र खपली खिरीसाठी राखून ठेवणाऱ्या ज्येष्ठांची समजूत ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर काढावी.

तक्राधिकरण

हे या ग्रंथाचे हृदय. चारही द्रव्यांत ताकच असे आहे की ज्याच्यावाचून पाव होत नाही आणि जे नेमके कोणते, यावर सगळे घोटाळे होतात.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ताकाचे पाच प्रकार आहेत. सायीसकट दही पाण्याशिवाय घुसळले की घोल. साय काढून, पाण्याशिवाय घुसळले की मथित. चौथा हिस्सा पाणी घातले की तक्र. निम्मे पाणी घातले की उदश्वित्. लोणी काढून घेतलेले आणि पाण्याने भरपूर वाढवलेले ते छच्छिका. यांतला शेवटचा प्रकार खानावळीत थाळीबरोबर मिळतो, वर कोथिंबीर टाकून. गिऱ्हाईक जितके जास्त तितकी छच्छिका शुद्ध.

सोडापावाला यांतले कोणते? पूर्वपक्ष म्हणतो, ताक म्हणजे ताक. तसे नाही. सोड्याला वायू सोडायला लावते ती ताकातली आंबट द्रव्ये, मुख्यतः लॅक्टिक आम्ल. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाव वर येतो. ताक पाणचट असेल तर आम्ल कमी पडते आणि सोडा बेकार उरतो. असा उरलेला सोडा भट्टीच्या उष्णतेने धुण्याच्या सोड्यात बदलतो. मग पावाला पिवळट रंग, साबणाची चव आणि कपड्यांच्या पावडरीशी दूरचे नाते, अशी तिहेरी प्राप्ती होते.

उत्तर शोधायला आयर्लंडला जावे. तिथले मूळचे ताक दह्याचे नव्हे. साय आंबवायची, घुसळायची, लोणी काढायचे, मागे उरेल ते ताक. आता हडपसरात परत यावे. इथे काय होते? रोज दूध तापवले की साय निगुतीने काढून डब्यात जाते. डबा भरला की त्यात विरजण पडते. दुसऱ्या दिवशी रवी किंवा मिक्सर फिरतो, लोण्याचा गोळा वर येतो आणि त्याचे तूप कढवले जाते. सगळ्या घराचे लक्ष तुपाकडे आणि मागे बेरी कोणाला मिळणार याकडे. पातेल्यात मागे उरलेले ते पांढरे, दाटसर, लोण्याचे बारीक कण तरंगणारे ताक: तेच ते. आयर्लंडातल्या कॉर्कच्या शेतकरणीने जे वापरले तेच, अक्षरशः तेच. आपल्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आणि आपण त्याची कढी करत राहिलो.

म्हणून सिद्धान्त: लोणी काढण्याचा दिवस हाच सोडापावाचा मुहूर्त. लोणी वर यावे म्हणून गार पाणी घालावे लागते, ते त्या दिवशी बेताने घालावे. साय साठवण्याची चाल नसेल तर दही घुसळून तक्र करावे, एक दिवस बाहेर ठेवून चांगले आंबवावे. उदश्वित् आपद्धर्म म्हणून. छच्छिका वर्ज्य.

क्षाराधिकरण

साडेचारशे ग्रॅम पिठाला एक सपाट चमचा सोडा, तेवढेच मीठ आणि साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर ताक. ‘सपाट’ या शब्दावर सगळी मदार आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने मराठी स्वयंपाकघराला वाटी-चमच्याची मापे दिली, तरी आपला हात अजून शिगेलाच सोकावलेला. धान्य मोजताना शीग ही उदारता ठरते. सोड्यात ती हानी.

सोडा जास्त झाला की कसे ओळखावे? ढोकळा करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. हळदीच्या पिठात सोडा नीट मिसळला नाही की लालभडक ठिपके उमटतात, कारण क्षाराच्या संगतीत हळद लाल होते. सोडापावात हळद नसल्याने ही आगाऊ सूचना मिळत नाही. म्हणून सोडा पिठात टाकण्यापूर्वी तळहातावर घेऊन गुठळ्या बोटाने चिरडाव्यात आणि मग पीठ दोनदा चाळावे. हडपसरच्या पावसाळ्यात सोड्याच्या पुडीत गुठळ्या होणे अटळ आहे.

पूर्वपक्षी विचारतो: ईनो चालेल का? ईनोत क्षाराबरोबर आम्लही घरचेच असते. पाणी लागताच दोघे आपसात उरकून घेतात. मग ताकाला काम उरत नाही, ते नुसते आंबट होऊन बसते. ढोकळ्याला शोभते, येथे नाही.

मर्दनाधिकरण

पीठ, मीठ, सोडा परातीत चाळून मधे आळे केले. सगळे ताक एकदम ओतले. हाताची बोटे ताठ आणि फाकवून मधून बाहेर, वाटोळा असा हात काही वेळा फिरवला. पीठ ओले झाले, कडा ओबडधोबड, मधे भेगा, हाताला चिकटणारा गोळा. झाले. इतकेच.

नेमक्या याच क्षणी शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि पूर्वपक्ष उभा राहिला.

“अहो, ही काय कणीक म्हणायची? चिखल झालाय नुसता. सरका, मी तिंबून देते.”

“काकू, मळायची नाही ती.”

“मळायची नाही? मग तेलाचा हात तरी लावा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मुरल्याशिवाय कशी नीट होईल?”

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी याच हडपसरात यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकवटलेल्या फौजेचा धुव्वा उडवला. परातीवरचा हा सामना त्यापेक्षा लवकर आटोपला, पण चुरस कमी नव्हती, कारण काकूंचा पूर्वपक्ष बलवान आहे. मराठी पाकशास्त्राचा सगळा डोलारा मर्दनावर उभा आहे. पुरणपोळीची कणीक सैलसर भिजवून, तेल लावून, तार निघेपर्यंत तिंबायची. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे. लोणचे मुरवायचे, इडलीचे पीठ रात्रभर ठेवायचे, चकलीची उकड गरम असताना मळून मळून हात भाजून घ्यायचे. कष्ट आणि धीर यांच्या बळावर पदार्थ चांगला होतो, हा इथला सर्वमान्य कायदा.

सोडापावात हा कायदा उलटा चालतो. कणीक जितकी मळावी तितके तिच्यातले ग्लूटेन चिवट होते. पोळीला तो चिवटपणा हवा. सोडापावाचा त्याने दगड होतो. मुरवणे तर आणखी घातक. ताक पडताच सोडा वायू सोडू लागतो. अर्धा तास झाकून ठेवलेला गोळा भट्टीत जाईपर्यंत त्याचा दम निघून गेलेला असतो. यीस्ट वाट पाहते. सोडा पाहत नाही.

म्हणून सिद्धान्त, आणि अधिकाऱ्याच्या प्रश्नाचा राखून ठेवलेला निर्णय: या शास्त्राचा उत्तम अधिकारी तो, ज्याला कणीक मळता येत नाही. मध्यम अधिकारी तो, ज्याला येते पण कंटाळा आहे. सुगरण ही कनिष्ठ अधिकारी. तिचा हात थांबत नाही. ज्या नवऱ्यांना, मुलांना आणि पेइंग गेस्टांना आजवर ‘तू बाजूला हो’ एवढेच ऐकावे लागले, त्यांच्यासाठी पाकशास्त्राने हा एकच दरवाजा उघडा ठेवला आहे. कौशल्य नसणे ही जिथे अडचण नसून पात्रता ठरते, असा दुसरा पदार्थ प्रस्तुत भाष्यकाराला सापडलेला नाही.

छेदाधिकरण

गोळा पिठावर हलकेच थापून, दोन बोटे उंच आणि वाटोळा करून, सुरीने वर खोल फुली मारायची. फुली का? आयर्लंडात तीन मते आहेत. श्रद्धाळू म्हणतात, क्रूसाची खूण. आज्या म्हणतात, पावातल्या पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून. आणि भट्टीवाले म्हणतात, मधल्या जाड भागात आच पोचावी म्हणून.

पऱ्यांचे मत हसण्यावारी नेऊ नये. मळलेल्या कणकेचा गोळा रात्री तसाच ठेवायचा झाला तर त्यावर बोटे उमटवून ठेवावीत, नाहीतर तो पिंडासारखा दिसतो, हे आपल्याकडे अनेक घरांत सांगितले जाते. म्हणजे अदृश्य मंडळींचा पिठाच्या गोळ्यावर डोळा असतो, याबद्दल दोन्ही देशांच्या आज्यांचे एकमत. फरक दिशेचा. तिकडे आत असलेल्यांना बाहेर काढायचे, इकडे बाहेर असलेल्यांना आत येऊ द्यायचे नाही. सुरीची फुली आणि बोटांचे ठसे ही एकाच खात्याची दोन कार्यालये आहेत.

फुलीमुळे पावाचे चार भाग पडतात. उत्तर आयर्लंडात तर गोळा चपटा थापून, चार तुकडे कापून ते तव्यावरच भाजतात. अर्ध्या-चतकोरीचा हिशेब करणाऱ्यांना हे शिकवायला नको. शिवाय हडपसर हे मुळातच फाट्याचे गाव. पुण्यातून निघालेल्या दोन पालख्या इथेच वेगळ्या होतात: ज्ञानोबांची दिवे घाटाने सासवडला, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. योग्य जागी फाटा फुटला की पुढची वाट नीट जाते, हे इथल्या माणसाला पावाच्या संदर्भातही पटावे.

अग्न्यधिकरण

मूळ विधी असा: ओतीव लोखंडाचे जाड बुडाचे पातेले, खाली पीट या दलदलीतल्या जळणाची धग आणि झाकणावर निखारे. आयर्लंडच्या खेड्यांत वेगळी भट्टी क्वचितच होती. हे पातेलेच भट्टी होते. कोकणात मोठ्या काकडीचे धोंडस करताना नेमके हेच करत आले आहेत: पातेल्याखाली विस्तव, झाकणावर निखारे. मधे समुद्र आणि साम्राज्ये असूनही दोघांना एकच गोष्ट सुचली, कारण दोघांकडेही निखारे होते आणि बेकरी नव्हती. वराडकरांच्या दोन्ही मुलखांना जोडणारा धागा शोधायचा तर तो संसदेत नव्हे, या झाकणावर सापडतो.

निखाऱ्यांची सोसायटीत परवानगी नसल्याने हडपसरपुरते चार पर्याय उरतात. पहिला ओव्हन: आधी २३० अंशांवर पंधरा मिनिटे, मग २०० अंशांवर साधारण अर्धा तास. दुसरा, माळ्यावरचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी असलेला. पूर्वी केक करायला हाच घराघरांत होता, आणि त्याला एकच आच ठाऊक असते: त्याची स्वतःची. तिसरा कुकर: शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर डबा. यात आच खालूनच लागते, म्हणून वरची बाजू गोरी राहते. शेवटची दहा मिनिटे पाव उलटावा. चौथा पर्याय बेकरीची भट्टी. पीठ-तूप-साखर घरची घेऊन जायचे आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात आणायची, ही पुण्यातली जुनी रीत. पण सोडापाव तिथे टिकत नाही. रांगेत आपला नंबर येईपर्यंत सोड्याचा कारभार आटोपलेला असतो.

ओव्हनवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: हडपसरात वीज गोळा आत सरकवल्यानंतरच जाते. म्हणून कुकर शेजारी तयार ठेवावा.

पाव झाला की नाही? उलटा करून बुडावर टिचकी मारावी. नारळवाल्यासारखा कान द्यावा. पोकळ आवाज आला तर झाला.

शुद्ध्यधिकरण

पाव सोवळ्यात बसतो का? पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातची चहा-बिस्किटे समोर आली, तेव्हा टिळक आणि रानडे दोघेही त्या मंडळींत होते. कोणी चहा प्याला, कोणी नुसता हाती धरला. ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात नावे छापून आली आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. बिस्किटाने जिथे एवढा गहजब केला तिथे पावाचे काय बोलावे? विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणपट्टीत अजून सांगतात. पीठ ताडीने फुगवतात, पायाने तुडवतात, असा संशय पावावर पूर्वापार आहेच.

सोडापावावर यातला एकही आरोप टिकत नाही. ताडी नाही, यीस्ट नाही, अंडे नाही. तुडवण्याचा प्रश्नच नाही, कारण मळायचेच नाही. ताक घरचे, पीठ गिरणीतले. पंचहौदात त्या दिवशी सोडापाव ठेवला असता तर निदान बिस्किटापुरते प्रकरण मिटले असते. चहाचे मात्र पाहावेच लागले असते.

उपासाला चालतो का? नाही. गहू आहे. राजगिऱ्याचा करावा का, या प्रश्नाला उत्तर न देणेच शास्त्राच्या हिताचे.

अनुपानाधिकरण

कशाशी खावा? वडापावाच्या कसोटीत तो नापास होतो: वडा दाबताच पावाचा भुगा होतो आणि चटणी शर्टावर उतरते. मिसळीत तो कट प्रेमाने पितो, पण मग तुकडा बोटांत राहत नाही, बशीत राहतो. पिठल्याशी मात्र चांगले जमते. दोघेही गरीब घरचे. ठेचा आणि लोणी असेल तर विचारूच नये. लोणी तर त्याच घुसळण्यातले, ताकाचे सख्खे भावंड. पावावर ते दोघे पुन्हा एकत्र येतात आणि कोणाला वाटणीची तक्रार राहत नाही.

पाव निघाला की सुती पंचात गुंडाळावा, म्हणजे कवच मऊ राहते. त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात भाजावा. तिसऱ्या दिवसाविषयी हे शास्त्र मौन पाळते.

फलश्रुती

जो कोणी लोणी काढण्याच्या दिवशी, न मळता, न मुरवता, सपाट चमच्याने हा पाव करील, त्याच्या फ्रिजमध्ये आंबट ताक शिल्लक राहणार नाही. कढी न पिणाऱ्याचा कढीचा दोष जाईल. ज्याला स्वयंपाकघरातून हाकलले होते त्याला आत बोलावणे येईल. सोबत भांडीही घासावी लागतील, पण फळ म्हटले की बी असायचीच. गिरणीवाल्याला खोटे बोलल्याचे पाप लागणार नाही, कारण पुढच्या दळणाचे खरोखरच लाडू करता येतील. आणि काकू साखरेची वाटी परत करायला येतील तेव्हा त्यांना एक चतकोर द्यावा. त्या खाऊन म्हणतील, “बरा झालाय, पण जरा मळला असता तर आणखी बरा झाला असता.” तेथे वाद घालू नये. त्यांच्याच पुरणपोळीचे आमंत्रण पुढच्या आठवड्यात यायचे आहे, आणि त्या शास्त्रात आपण कनिष्ठ अधिकारीसुद्धा नाही.